उणे किती?

क्लबच्या दारामागे, आतल्या बाजूने,
घरात पोरांची उंची मापतात तशा
पेन्सिलच्या रेघा आहेत.
पोरं कुणाचीच इथे वाढली नाहीत.
आम्ही मापली ती थंडी.

सगळ्यांत खाली : उणे तीस. सन एक्याऐंशी.
अक्षर वासिलचं, ठसठशीत.
याहून गार असेल तर नेमबाजी बंद,
कारण खड्ड्यातलं यंत्र तबकडी फेकत नाही.
माणसांचं काय, तो म्हणायचा, माणसं चालतात.

मग उणे बावीस,
त्या हिवाळ्यात मिकोलाच्या नाकाचा शेंडा काळा पडला.
मग उणे पंधरा. सांधे.
मग उणे आठ : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या
आमच्यापैकी चौघांना एकाच डॉक्टरने दिल्या,
आणि चापावरचं बोट
आपलं आहे की दुसऱ्याचं, कळेनासं झालं.

उन्हाची रेघ वरून निघाली होती.
आधी नव्हतीच. सास्काचेवानात उन्हाला कोण घाबरतं?
ओरेस्त जुलैत चौथ्या ठाण्यावर उभा होता,
बंदूक नीट उघडून, रिकामी करून खाली ठेवली त्याने,
आणि मग पडला.
पस्तीस. मग तीस. आता सत्तावीस.

एक रेघ खाली येते, एक वर चढते.
मध्ये दाराचं लाकूड उरलंय
वीतभर.
त्यात वाऱ्याचे दिवस वजा, धुक्याचे वजा,
मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे वजा.

गेल्या ऑक्टोबरात सभा भरली. हजर पाच.
तिघांच्या कानात यंत्रं,
त्यामुळे ठराव तीनदा वाचला :
शून्याखाली मैदान बंद.
थोडा वेळ एकमेकांची उणीदुणी काढली,
कुणाचा गुडघा, कुणाची छाती,
मग हात वर झाले. पारास्काचा सोडून.
सचिव मी. रेघ मीच ओढली.

जानेवारीतला शनिवार, उणे एकोणीस.
मी नुसता नळ गोठलेत का बघायला गेलेलो.
दारात तिचा पिकअप,
ती पायरीवर बसून बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधत होती.
वय एकोणऐंशी.
म्हटलं, पारास्का, ठराव.
ती म्हणाली, तुमच्या शून्याने
वर्षाचे सव्वीस शनिवार चौदावर आणले.
आणि एकूण किती उरलेत,
तो आकडा कुठल्या दारावर लिहिलाय,
दाखव, मी वाचते.

मी चावी शोधली. यंत्रावरचा बर्फ
थर्मासमधल्या कॉफीने वितळवला.
बटण धरून तिच्या मागे बसलो.

उजव्या हातमोज्याचं एक बोट तिने कातरलंय,
कातरलेल्या कडेला लाल लोकर विणलीय.
दस्ता गालाला लावताना ती श्वास रोखत नाही,
वाफेने चष्मा धुकटतो म्हणून
नाकाने हळूहळू सोडते.
पुल, म्हणते. आवाज तेवढा तरुण.
नारिंगी तबकडी पांढऱ्यावरून निघते,
वायव्येचा वारा तिला मध्येच उचलतो,
आणि छर्रे खालून निघून जातात, कुणाच्या तरी गव्हाकडे.
पुल. खालून.
पुल. या वेळी फुटली,
बर्फावर केशरी चुरा, त्यावर काही वेळ दोघांची नजर.

पंचविसाव्यानंतर तिने बंदूक मोडून हातावर टाकली.
किती?
सात, मी म्हटलं.
म्हणजे उणे अठरा, ती म्हणाली. हवा?
एकोणीस.
मग हवेपेक्षा मी एकाने बरी.

पिकअप तिसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर सुरू झाला.

रेघ मी पुसलेली नाही. नियम तो नियम.
त्या आठवड्याच्या इतिवृत्तात आहे :
शनिवारी थंडीमुळे मैदान बंद.
खर्च : शेगडीचं लाकूड, एक गोणी.
काडतुसं, पंचवीस.